तिकिटाच्या आधी एक कागद द्या

प्रति,
चाकण, भोसरी, तळेगाव, हिंजवडी आणि खराडीतून कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांचे एचआर आणि फायनान्स विभागप्रमुख यांस

विषय : परदेशी पोस्टिंगच्या आधी कर्मचाऱ्याला परमिट, कर आणि पीएफची लेखी माहिती देणेबाबत

सप्रेम नमस्कार.

मी चिंचवडला सीए म्हणून प्रॅक्टिस करते. एकवीस वर्षं झाली. जुलै उजाडला की माझ्या ऑफिसात तुमची माणसं येतात. कुणी जर्मनीहून परतलेला असतो. कुणी अजून अमेरिकेतच असतो आणि त्याचे वडील पिशवीत कागद घालून आलेले असतात. मी पहिला प्रश्न विचारते, "वर्षभरात भारतात किती दिवस होतात?" समोरचा माणूस पासपोर्टची पानं उलटायला लागतो. दुसरा प्रश्न विचारते, "तिकडे असतानाचा पगार शेवटी कोणत्या कंपनीच्या खर्चात पडला?" याचं उत्तर आजवर मोजक्या लोकांनी दिलं. त्यांच्या कराचं निम्मं गणित या उत्तरावर असतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पत्र लिहायला बसले ते मात्र माझ्या धाकट्या भावामुळे. तो मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंग लाइन उभ्या करण्याचं काम करतो. जून २०२२ मध्ये कंपनीने त्याला जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावी पाठवलं. बायको आणि मुलगा इथेच राहिले, कारण मुलाची दहावी जवळ आली होती. प्रोजेक्ट संपला तेव्हा कंपनीने तिकीट काढलं आणि २७ जानेवारी २०२५ रोजी तो पुण्यात उतरला. आदल्या सप्टेंबरात तो बारा दिवसांची रजा काढून गणपतीला येऊन गेला होता. घरी सगळे आनंदात होते. त्या तारखेचा आयकराशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, कारण त्याचं रिटर्न कंपनीने नेमलेली एक फर्म भरत होती आणि मी कधी कागद मागितले नाहीत. ही चूक माझी आहे.

आता तारखांचं सांगते. भारतीय कायद्यात एखादा माणूस आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असेल तर तो निवासी. दुसरी कसोटी अशी, की त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असेल तरीही तो निवासीच. नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला पहिल्या वर्षी यात सवलत आहे. त्याच्यासाठी ६० च्या जागी १८२ दिवस धरतात. म्हणून २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी विमानात बसलेला माणूस त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो आणि २९ सप्टेंबरला बसलेला निवासी ठरू शकतो. जातानाची ही सवलत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. येतानाचं कुणी सांगत नाही. कायमचा परत येणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला ६० दिवसांचीच कसोटी लागते.

माझ्या भावाचे २७ जानेवारी ते ३१ मार्च असे ६४ दिवस झाले आणि गणपतीचे १२. एकूण ७६. मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस तर कधीच भरलेले होते. म्हणजे २०२४-२५ या पूर्ण वर्षासाठी तो भारताचा निवासी ठरला. आपल्याकडे वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय नाही. जो निवासी आहे तो १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत निवासी, आणि त्याची जगभरातली कमाई इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची. त्याने जर्मनीत घालवलेले जवळजवळ दहा महिने, तिथला पगार, तिथलं बँक खातं, सगळं आलं. हेच तिकीट १४ फेब्रुवारीचं काढलं असतं तर एकूण ५८ दिवस झाले असते आणि यातलं काहीही झालं नसतं. अठरा दिवसांचा फरक. कामाच्या दृष्टीने शेवटचे दोन आठवडे तो नुसती कागदपत्रं सोपवत बसला होता. ती तिथेच बसून सोपवली असती तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

फर्मने त्याचं रिटर्न अनिवासी म्हणून भरलं. पहिली दोन वर्षं तसं होतं, म्हणून तिसऱ्या वर्षीही तेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयकर खात्याचा ईमेल आला, की परदेशी खात्याची माहिती आमच्याकडे आहे, तुमच्या रिटर्नमध्ये ती दिसत नाही, ३१ डिसेंबरपर्यंत दुरुस्ती करा. देशादेशांत खात्यांची माहिती आता दरवर्षी आपोआप जाते-येते, त्यामुळे तो मेल येणारच होता. रात्री अकरा वाजता भावाचा फोन आला. इतकी वर्षं पगारदार माणूस, एक रुपया लपवलेला नाही, आणि तो मला विचारत होता की ताई, मला अटक होईल का.

अटक वगैरे काही होणार नव्हती. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे खरी. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही, आणि त्याच्या खात्यात तेवढे पैसे कधीच नव्हते. जर्मनीत कर भरलेला होता, त्याची वजावट दोन देशांच्या करारानुसार इथे मिळते. शेवटी इथे भरावी लागलेली रक्कम मोठी नव्हती. पण ती वजावट मिळवायला फॉर्म ६७ लागतो. त्याला तिथल्या कराचे दाखले जोडावे लागतात. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, म्हणजे तिथल्या दोन वर्षांचे दाखले फोडून इथलं एक वर्ष जोडायचं. दाखले जर्मन भाषेत. ज्या जर्मन कार्यालयाने ते काढले, तिथली बाई प्रसूतीच्या रजेवर. आम्ही बहीण-भावाने डिसेंबरचे तीन रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर ते कागद लावण्यात घालवले. भावाला बहीण सीए मिळाली म्हणून निभावलं. तुमच्याकडच्या बाकीच्यांचं काय होतं, ते मला जुलैत दिसतं.

त्याने कंपनीला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "पर्सनल टॅक्स ही कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे, तुम्ही डिक्लरेशनवर सही केली आहे." सही केली होती, हे खरं. निघण्याच्या आदल्या दिवशी, फॉरेक्स कार्ड आणि इन्शुरन्सच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते डिक्लरेशन होतं. कायद्याने जबाबदारी त्याचीच, हेही मी मान्य करते. पण त्याची परतीची तारीख तुम्ही ठरवलीत, पगाराची रचना तुम्ही ठरवलीत, परमिटचा प्रकार तुम्ही निवडलात, खर्च कोणत्या देशाच्या कंपनीवर टाकायचा ते तुम्ही ठरवलंत. चारही गोष्टी तुमच्या हातात असताना त्यातून निघणारा हिशेब एकट्या त्याच्यावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

आता त्या १८३ दिवसांविषयी. जर्मनी म्हणा, नेदरलँड्स म्हणा, सगळीकडे तुमच्या मॅनेजरांच्या तोंडी एक वाक्य असतं : "१८३ दिवसांच्या आत परत ये, तिकडे टॅक्स लागत नाही." हे अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळे घातक आहे. दोन देशांमधल्या कर-करारातल्या कलमात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. माणूस तिथे १८३ दिवसांपेक्षा जास्त नसावा, पगार देणारा मालक त्या देशातला नसावा, आणि पगाराचा बोजा त्या देशातल्या शाखेवर किंवा कायम कार्यालयावर पडलेला नसावा. तुम्ही काय करता? माणूस इथल्या पेरोलवर ठेवता आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या पगाराचं डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या नावे टाकली असं सांगणारा कागद, तिथल्या भगिनी कंपनीला पाठवता. त्याक्षणी तिथला कर अधिकारी म्हणू शकतो, की याचा खरा मालक इथलाच आहे. मग कर पहिल्या दिवसापासून लागू. ते डेबिट नोट फायनान्समध्ये बनतं. ज्याच्या नावाने बनतं त्याला कळतसुद्धा नाही.

दुसरा एक शब्द असाच धोक्याचा : 'टूर'. तुमच्या पत्रात 'डेप्युटेशन' लिहिलंय की 'टूर', यावर जाण्याच्या वर्षातली ती १८२ दिवसांची सवलत अवलंबून असू शकते. सवलत नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला आहे. इथली नोकरी चालू ठेवून डेप्युटेशनवर गेलेला माणूसही त्यात बसतो, असा निर्णय करप्रश्नांवर आगाऊ निर्णय देणाऱ्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २००६ मध्ये दिलेला आहे. पण पत्रात 'बिझनेस टूर' आणि भत्ता टूरच्या नावाने असेल तर उद्या त्याचं म्हणणं कोण ऐकणार? भत्ता करमुक्त दाखवण्यासाठी एचआर एक शब्द निवडतं, परमिटसाठी ट्रॅव्हल डेस्क दुसरा निवडतो. एकाच माणसाच्या एकाच प्रवासाची दोन वर्णनं दोन सरकारांकडे जातात.

यातूनच परमिटचा विषय येतो. तो कराहून वेगळा आहे असं तुम्ही धरून चालता, कारण तुमच्याकडे त्याचं टेबल वेगळं आहे. भावाकडे आयसीटी कार्ड होतं, म्हणजे एकाच समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत तात्पुरता बदलून गेलेल्यांचं. त्यासाठी आधी किमान सहा महिने त्या समूहात नोकरी झालेली असावी लागते आणि तज्ज्ञ माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. मूळ नोकरी इथलीच राहते. ब्लू कार्ड या दुसऱ्या परवान्यावर गेलेल्याचा करार थेट तिथल्या मालकाशी असतो. दोघं शेजारी बसून एकच काम करतील, पण एकाचा पीएफ इथे चालू राहील आणि दुसऱ्याचा नाही, एकाला मुदत संपली की परतावं लागेल आणि दुसऱ्याला तिथे स्थायिक होण्याचा रस्ता मोकळा असेल. हा फरक निघण्यापूर्वी समजावला तर माणूस घर, शाळा, कर्ज यांचे निर्णय वेगळे घेईल. अर्जात त्याचा पगार किती दाखवला, त्यात भत्ता धरला की नाही, हेसुद्धा कित्येकांनी पाहिलेलं नसतं. अर्जावर फोटो त्यांचा असतो, खाली सहीही त्यांचीच असते.

भावाला एकदा तीन आठवड्यांसाठी चेक प्रजासत्ताकातल्या एका ग्राहकाच्या कारखान्यात जा म्हणून सांगितलं. "शेंगेनच आहे, बॉर्डरवर कुणी बघत नाही." शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणारे युरोपातले देश. जर्मन परवान्यावर त्यातल्या शेजारच्या देशात फिरायला जाता येतं, दर १८० दिवसांत ९० दिवस. हातात टॉर्च घेऊन वेल्डिंगची लाइन दुरुस्त करणं म्हणजे फिरणं नव्हे. त्याने नकार दिला आणि मॅनेजर महिनाभर त्याच्याशी नीट बोलला नाही. पुढे त्याच्या जागी जो गेला तो सत्तावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला मुलगा होता. पकडला गेला असता तर पासपोर्टवर शिक्का त्याच्या बसला असता.

बिझनेस व्हिसावर मीटिंगच्या नावाने पाठवून प्रत्यक्षात शॉप फ्लोअरवर उभं करण्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आपलं यंत्र बसवून, चालू करून देण्यासाठी माणसं पाठवली तर जर्मन नियमांत वर्षाला ९० दिवसांपर्यंत सवलत आहे, पण त्याची सूचना तिथल्या रोजगार खात्याला आधी द्यावी लागते. ती सरळ वाट आहे. ती सोडून आडवाटेने जायची गरज काय? २०१३ मध्ये एका बड्या भारतीय आयटी कंपनीने अमेरिकेत बी-१ म्हणजे बिझनेस व्हिसाच्या वापरावरून झालेलं प्रकरण ३ कोटी ४० लाख डॉलर भरून मिटवलं होतं. कंपनीला ते परवडलं. एकट्या माणसाला व्हिसा नाकारला गेल्याची नोंद आयुष्यभर प्रत्येक अर्जात लिहावी लागते.

जर्मनीतल्या छोट्या गोष्टीही सांगून ठेवते, कारण खिसा याच गोष्टींनी हलका होतो. लग्न झालेल्या माणसाची बायको तिथे सोबत राहत असेल तर कराचा वर्ग वेगळा लागतो, कापणी कमी होते. बायको चिंचवडला राहिली तर तो तिथल्या हिशेबात एकट्या माणसासारखा, पहिल्या वर्गात. भावाला हे दीड वर्षाने कळलं. गावात राहायला गेल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवतात तेव्हा धर्म विचारतात. माझा एक अशील वसईचा. त्याने सरळ मनाने 'रोमन कॅथलिक' लिहिलं. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये अशा माणसाच्या आयकरावर आठ टक्के चर्चचा कर पगारातून जातो. श्रद्धेने द्यायचा असेल तर त्याने तो आनंदाने द्यावा, पण पहिल्या पगाराची पावती बघून दचकून नव्हे. आणि गाव सोडताना ती नोंद रद्द करायला सांगा. ती राहिली तर घरटी महिना १८.३६ युरोची आकाशवाणी-दूरदर्शनची फी मागण्याची पत्रं रिकाम्या घराच्या पत्त्यावर येत राहतात.

पीएफकडे वळते. जर्मनीशी आपला सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे. इथला पीएफ चालू असलेल्या, तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाला ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. त्यासाठी ईपीएफओकडून, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून, एक दाखला घ्यायचा असतो, ज्याला तुम्ही सीओसी म्हणता. अर्ज कंपनीने करायचा. भावाच्या वेळी तो अर्ज अकरा महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. तोवर तिथे पगाराच्या ९.३ टक्के कापले जात होते, तेवढेच तिथली कंपनी भरत होती आणि इथे पीएफही कापला जात होता. म्हणजे तुमचंही नुकसान झालं, दोन्हीकडून. बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, जपान अशा बऱ्याच देशांशी असे करार आहेत. चाकणमध्ये कोरियन आणि जपानी ग्राहक असलेल्या कंपन्यांनी तर हे तोंडपाठ करायला हवं.

अमेरिकेशी मात्र करार नाही. तिथे पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी या पेन्शन योजनेला आणि १.४५ टक्के मेडिकेअर या म्हातारपणच्या आरोग्य विम्याला जातात. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते आणि एच-१बी हा तिथला नोकरीचा व्हिसा सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत न लागता परतणाऱ्याचे ते पैसे गेले असंच धरून चालावं लागतं. यात तुमचा दोष नाही, दोन सरकारांचा आहे. तुमचा दोष एवढाच, की ऑफर देताना डॉलरमधला वार्षिक आकडा मोठ्या अक्षरात दाखवता आणि ही ७.६५ टक्क्यांची गळती कुठेच लिहीत नाही.

ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आखातात पगारावर आयकर नाही. दुबईला गेलेल्या कित्येकांना वाटतं, तिकडे कर नाही तर इकडेही कधीच नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात निवासी म्हणून करपात्र नसेल, तर २०२० च्या दुरुस्तीने तो इथला निवासी मानला जाऊ शकतो. ज्याची इथे चार दुकानं भाड्याने आहेत त्याला हे ठाऊक असणं बरं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ हा नवा कायदा आहे. 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' हे जुने शब्द जाऊन 'कर वर्ष' हा एकच शब्द आला, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, पण १८२ आणि ६० दिवसांची कसोटी तशीच आहे. तुमच्या इंट्रानेटवरची जुनी पीडीएफ मात्र एकदा तपासून बघा.

'टॅक्स इक्वलायझेशन'बद्दलही बोलायला हवं. मोठ्या कंपन्या हे करतात आणि माझ्या मते नीट केलं तर ते चांगलं आहे. माणूस इथे असता तर जेवढा कर भरला असता तेवढा त्याच्या पगारातून काल्पनिक कर म्हणून कापायचा आणि दोन्ही देशांतला खरा कर कंपनीने भरायचा. पण मग तिथून जो रिफंड येतो तो कंपनीचा असतो. तो येतो त्याच्या बँक खात्यात. एका मुलाने तो आलेला रिफंड स्वतःचा समजून बहिणीच्या लग्नात खर्च केला. दोन वर्षांनी नोकरी सोडताना त्याच्या फुल अँड फायनल हिशेबातून ती रक्कम वळती झाली. त्याची सही धोरणावर होतीच, चव्वेचाळीस पानी इंग्रजी धोरणावर. त्यातला एक परिच्छेद त्याला मराठीत कुणी समजावला असता तर त्याने तो पैसा हात न लावता ठेवला असता. मी त्याला ओळखते, तो तसाच मुलगा आहे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. आता इंजिनिअरच नव्हे, तर इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर अशी मुलं-मुली जर्मन शिकून जाऊ पाहत आहेत. त्यांच्या मागे तुमच्याएवढे विभाग नसतील. तुम्ही चांगला पायंडा पाडलात तर त्यांना पाठवणाऱ्यांकडेही तो मागता येईल.

तर माझं मागणं. परमिटचा अर्ज करण्याआधी, तिकीट काढण्याआधी, त्या माणसाच्या हातात एक कागद द्या. एकच पान पुरे. त्याला कळेल त्या भाषेत. त्यात परमिटचा प्रकार आणि त्यावर कुठे, कोणतं काम करता येतं ते असू द्या. अर्जात दाखवलेला पगार असू द्या. पगार कोणत्या पेरोलवर आणि अखेरीस कोणाच्या खर्चात, ते असू द्या. कोणत्या देशात, कधीपासून कर लागेल आणि तो कोण भरेल, हे लिहा. पीएफ आणि तिथल्या पेन्शनचं काय, सीओसीचा अर्ज कोणत्या तारखेला केला, हेही लिहा. सीओसी हातात आल्याशिवाय विमानात बसवू नका. परतीची तारीख ठरवताना एक फोन तुमच्या कर सल्लागाराला करा आणि त्या वर्षात माणूस सुट्टीला कधी, किती दिवस येऊन गेला ते विचारून घ्या. कर सल्ल्याचा खर्च जाण्याच्या वर्षी आणि येण्याच्या वर्षी तुम्ही करता. येण्याच्या पुढच्या वर्षीही करा, कारण नोटिसा तेव्हा येतात. आणि सल्लागार कर्मचाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलू शकेल असा ठेवा. आज त्याचं बिल तुम्ही देता म्हणून तो उत्तरही तुम्हालाच देतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी सह्या घेणं बंद करा. त्या दिवशी माणूस बॅगेत लोणच्याची बरणी कशी बसवायची या विवंचनेत असतो, आई डोळे पुसत असते. त्या दिवशी तो कशावरही सही करेल.

तुमच्यातले काही जण म्हणतील की एवढं लिहून दिलं तर कायदेशीर जबाबदारी आमच्यावर येईल. माझं उत्तर असं, की पगारावर टीडीएस कापण्याची, परमिटचा अर्ज खरा भरण्याची, सीओसी मागण्याची जबाबदारी आजही तुमचीच आहे. कागद दिल्याने त्यात भर पडत नाही. उलट डेबिट नोट आणि डेप्युटेशन लेटर शेजारी ठेवून कुणीतरी एकदा वाचेल, आणि बऱ्याच चुका तिथेच सापडतील.

भावाला आता पुन्हा विचारणा झाली आहे. या वेळी चेक प्रजासत्ताक, दोन वर्षं. त्याला जायचं आहे, काम त्याच्या आवडीचं आहे आणि मुलगा आता बारावी होऊन हॉस्टेलला गेला आहे, त्यामुळे वहिनीही सोबत जाऊ शकेल. या खेपेस त्याने होकार देण्याआधी एचआरला सात प्रश्नांचा ईमेल पाठवला आहे. पहिला प्रश्न, माझ्या पगाराचं डेबिट नोट कुणाच्या नावाने निघणार? शेवटचा, परतीची तारीख कोण ठरवणार? त्याला नऊ दिवस झाले. उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
चिंचवडची एक सनदी लेखापाल